शंका आली तर सात

त्या हॉलमध्ये साठ टेबलं होती आणि साठ टेबलांवर साठ माणसं दिवसभर परक्यांच्या घरातली जमीन बघत बसायची. जमीन म्हणजे फरशी, सतरंजी, पलंगाखालची धूळ, सोफ्याखाली हरवलेला मोजा. हल्ली घरोघरी झाडणारी यंत्रं फिरतात ना, ताटाएवढी गोल आणि बुटकी, त्यांच्या कपाळावर बोटाच्या पेराएवढा कॅमेरा असतो. यंत्राला त्यातून सगळं दिसतं, पण कळत काहीच नाही. समोर आहे ती वायर की चपलेचा पट्टा, हे त्याला कुणीतरी माणसानेच हजार वेळा सांगावं लागतं. ते सांगण्याचं काम इथे चालायचं. फोटो आला की पाच सेकंदांत आकडा दाबायचा. एक म्हणजे लाकूडसामान. दोन म्हणजे वायर. तीन म्हणजे सांडलेलं काहीतरी. चार म्हणजे जिवंत. असं करत करत सात म्हणजे कापड.

चारच्या वाटेला मात्र कुणी जात नसे. चार दाबलं की अकरा प्रश्नांचा फॉर्म उघडायचा. माणूस की प्राणी, मोठं की लहान, उभं की बसलेलं, चेहरा धूसर केलेला आहे की नाही. तो भरेपर्यंत मागचे फोटो तुंबायचे, पडद्याच्या कोपऱ्यातली हिरवी पट्टी लाल व्हायची आणि पर्यवेक्षक खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. तो बोलायचा नाही. नुसता उभा राहायचा, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मांजराची शेपटी असेल, चादरीतून आलेला पाय असेल, स्वच्छ दिसत नसेल तर लोक सरळ कापड म्हणून मोकळे व्हायचे. नवीन माणूस आला की शेजारचा पहिल्याच दिवशी त्याच्या कानात सांगायचा, "शंका आली तर सात." पगारपत्रकावर छापलेल्या नियमांपेक्षा हा नियम जास्त पाळला जायचा.

आपली बाई त्या हॉलमधली सगळ्यात वेगवान. तिला सगळे 'गिरणी' म्हणत, कारण वरून काहीही टाका, खालून पीठ. चार वर्षांत तिने किती लाख फोटो दळले असतील देव जाणे. सुरुवातीला तिला लोकांच्या घराची गंमत वाटायची, कुणाच्या कोपऱ्यात बाटल्या दिसल्या की हसू यायचं, कुठे लहान मुलाची पावलं दिसली की बरं वाटायचं. मग ते बंद झालं. कधी झालं तेही कळलं नाही. आता फोटो यायचे, आकडे जायचे, आणि मधल्या पाच सेकंदांत तिला काही म्हणजे काही वाटायचं नाही. घरी जाऊन जेवताना ताटाकडे बघूनही तिचं बोट मांडीवर आकडे दाबत असायचं.

कँटीनमधल्या टीव्हीवर एकदा अशाच एका यंत्र-कंपनीचा साहेब मुलाखत देत होता. कुठल्या तरी घरातले खाजगी फोटो फुटले होते, त्याची बोंबाबोंब चालली होती. साहेब छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमच्या ग्राहकांच्या घरातली चित्रं कोणताही मानवी डोळा पाहत नाही."

शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली घास तसाच ठेवून म्हणाली, "मग माझा नंबर काय हवापालट केल्याने वाढला का?"

सगळे हसले. गिरणीही हसली, म्हणजे तिचा चेहरा हसला.

*

तिचे वडील शिंपी. दुसऱ्या गावात, बसने तीन तासांवर, दोन खोल्यांत एकटे राहायचे. पुढच्या खोलीत पायडलचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत बाकीचा संसार. आई गेल्यावर दादाने घोषा लावला, की बाबांच्या घरात कॅमेरा बसवू या, म्हणजे इथून लक्ष ठेवता येईल. बाबा एरवी कुणाला वर मान करून बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली," ते म्हणाले. "कुणाचं पोट सुटलं, कुणाचा एक खांदा उतरला, कुणाच्या बायकोने सहा महिन्यांत दोनदा ब्लाउज सैल करून घेतला. सगळं बघितलं, पण या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. आता म्हातारपणी माझं माप कुणी घेऊ नये. पिंजऱ्यातल्या पोपटासारखं ठेवणार असाल तर मी दार लावून घेतो आतून."

दादा चिडून निघून गेला. समेट घडवायला ती पुढे झाली. वाकून केर काढताना बाबांना चक्कर येते हे तिला माहीत होतं, म्हणून तिने एक झाडणारं यंत्र घेऊन दिलं. बाबांनी ते उलटंपालटं करून बघितलं.

"याच्या कपाळावर हे काय आहे?"

"दिवा आहे, बाबा. नुसता झाडू आहे हा. याला डोळे नाहीत."

आता हे ती कुणाला सांगत होती? दिवसाचे आठ तास ती त्याच डोळ्यांतून बघायची. पण खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. यंत्र सुरू करताना फोनवर पाटी आली, चित्रं सुधारणेसाठी वापरू द्याल तर एक वर्षाची हमी जास्त. तिच्या बोटाने हो दाबलं. लाखो घरं आहेत जगात, त्यातलं आपलंच घर कुठे आपल्या टेबलावर येणार आहे? बाबांनी यंत्राचं नाव कासव ठेवलं आणि बाप-लेकीतला तो विषय तिथेच संपला.

*

तो फोटो एका मंगळवारी आला. एकाच घरातले फोटो ओळीने यायचे, तशा त्या ओळीतला नववा की दहावा. फरशी, एका बाजूला लोखंडाची काळी जाळी, तिच्याजवळ राखाडी रंगाचं काहीतरी मोठं, गुंडाळल्यासारखं पडलेलं. चेहरा नाही, हात नाही. तिने क्षणभर बघितलं, सात दाबलं. पुढचा.

पुढच्या फोटोत यंत्र जाळीच्या पलीकडे शिरलं होतं आणि कॅमेऱ्याला टेबलाची खालची बाजू दिसत होती. लाकडावर खडूने काढलेला हत्ती होता. पाच पायांचा.

तो हत्ती तिने काढला होता. सहा वर्षांची असताना. बाबा मशीन चालवायचे तेव्हा ती खाली, पायडलच्या पलीकडे बसून रिकामी रिळं गोळा करायची आणि बाबांचाच चपटा खडू चोरून वरती चित्रं काढायची. सोंड जमली नाही म्हणून तिने तिचाही पायच केला होता. ती जागा जगात दोघांनाच माहीत होती. तिथून दिसणारं जग तिला इतकं पाठ होतं, की खरं तर जाळी बघताक्षणीच तिने ओळखायला हवं होतं. ते मशीनचं पायडल होतं. आणि त्याच्याजवळचं ते राखाडी म्हणजे बाबांचा कामावरचा डगला होता, आणि डगला काही एकटा पडलेला नव्हता.

तिने मागे जायचं बटण शोधलं. तसं बटणच नव्हतं, हे तिला चार वर्षं माहीत होतं, तरी शोधलं. एकदा पाठवलं की पाठवलं. पुढच्या फोटोत एक हात होता, फरशीवर उताणा, अंगठ्यावर कात्रीच्या कडीचा वळ. मग पुढचं घर सुरू झालं, कुणाचा तरी गुलाबी गालिचा.

फोन लॉकरमध्ये ठेवावे लागायचे. ती उठली, पर्यवेक्षकाच्या समोरून चालत गेली, लॉकर उघडलं आणि जिन्यात उभं राहून फोन लावला. घंटा वाजत होती आणि ती जिन्याच्या पायऱ्या मोजत होती.

"हं, बोल गं," बाबा म्हणाले. मागे मशीनचा खडखडाट चालू होता.

"बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? भर दुपारी फोन? नोकरी सोडलीस की काय?"

फोटोवर तारीख नसते. दोन आठवड्यांपूर्वीचा असेल, दोन महिन्यांपूर्वीचा असेल. म्हणजे ते पडले होते, उठले होते, आणि मूग गिळून बसले होते. विचारायचं तर कसं विचारायचं? पडलात का म्हटलं तर कुणी सांगितलं म्हणतील. कुणी सांगितलं म्हटलं तर डोळ्यांची गोष्ट निघेल. आणि एकदा ती निघाली की बाबा दार आतून लावून घेणार, मग आठवड्याला एक फोन येतो तोही बंद. शिवाय कामावर रुजू होताना तिने सही केली होती, की इथे दिसलेलं बाहेर बोलणार नाही. पण खरं कारण सही नव्हती.

"या रविवारी येऊ का?" तिने विचारलं.

"नको. तीन डझन गणवेश अंगावर आहेत. बसायला जागा नाही घरात."

खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. ती परत जाऊन टेबलावर बसली. पट्टी लाल झाली होती. संध्याकाळपर्यंत तिने ती हिरवी केली.

*

त्यानंतर ती रोज फोन करायची. रोज बाबा बरे असायचे. रोज ती ठरवायची, आज सांगून टाकू, आणि रोज गणवेशांच्या बाह्यांवर बोलून फोन ठेवायची. मग तिसऱ्या आठवड्यात कँटीनच्या टीव्हीवर तोच साहेब पुन्हा आला. कासवही त्याच्याच कंपनीचं. यंत्राची नवी आवृत्ती निघाली होती, घरोघरच्या यंत्रांत ती आपोआप उतरणार होती. आता जमिनीवर माणूस पडलेला दिसला, की यंत्र घरच्यांच्या फोनवर लगेच निरोप पाठवणार. आणि कपडे, चादरी, पडदे यांना धडकणार नाही, लांबून वळसा घालून जाणार.

"आपली मेहनत," चष्मेवाली म्हणाली. "आता पाठ थोपटून घ्या आपापली."

तिचा जीव भांड्यात पडला. आता सांगायची गरजच उरली नव्हती. बाबा पडले तर कासवच कळवेल, ती धावत जाईल, आणि डोळ्यांचा विषय काढावा लागणार नाही. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी लॉकरमधून फोन काढला तेव्हा त्यावर सेहेचाळीस निरोप होते. सूट, सवलती, सोसायटीचं पाणी, सफाई पूर्ण, अमुक, तमुक. यात पडलेल्या माणसाचा तो लाल निरोप नव्हता, एवढं बघून तिने 'सगळे पुसा' दाबलं आणि बस पकडली.

*

रविवारी ती न विचारता गेली. बाबांनी दार उघडायला वेळ लावला. डावा पाय ओढत आले, आणि हनुवटीवर काळानिळा मोठा डाग होता.

"मशीनचं चाक लागलं," तिने विचारायच्या आधीच ते म्हणाले.

"हनुवटीला?"

"वाकलो होतो."

तिने चहा केला. बाबा स्टुलावर बसून तो बशीत ओतून प्यायले. कासव मागच्या खोलीतून आलं, गणवेशांच्या गठ्ठ्याला लांबून वळसा घालून पुढे गेलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"हे तुझं कासव बिघडलंय गं," ते म्हणाले. "दुरुस्त होतं का बघ."

"काय झालं त्याला?"

"आधी बरं होतं. ठोकरा मारायचं." बाबांनी बशी खाली ठेवली. मग दादाला सांगू नकोस अशा अर्थाने बोट हलवलं. "आता लपवून काय करू? मागे एकदा मी पडलो होतो. इथेच, मशीनपाशी. चक्कर आली आणि गेलोच. जाग होती, पण उठवेना. आणि वाटलंही नाही उठावंसं. म्हटलं, ठीक आहे, पडू या असेच. तर हे आलं आणि बरगडीत ढुशी मारायला लागलं. मागे जायचं, यायचं, परत ढुशी. तुझी आई सकाळी कोपराने उठवायची ना, अगदी तसं. शेवटी वैतागून मी त्याच्यावर ओरडलो, त्याला धरायला म्हणून कुशीवर वळलो, आणि वळलो तसा उठलो."

ते हसले. ती हसली नाही.

"आणि आता?"

"आता गुरुवारी पुन्हा पडलो. म्हटलं, येईल आता. आलं. पण जवळच येईना. हातभर लांबून गोल फिरून गेलं. थोड्या वेळाने परत आलं, परत तसंच. मी त्याला हाका मारल्या, शिव्या घातल्या. मला बघितलंच नाही असं करून निघून गेलं. खालच्या मजल्यावरची बाई ब्लाउज न्यायला आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते."

तिने फोन काढला. निरोप पुसले होते, पण यंत्राची नोंदवही फोनच्या पोटात शाबूत होती. गुरुवार, अकरा वाजून दहा. शिलाई मशीनजवळ कपड्यांचा ढीग आहे, कृपया उचलून ठेवा. गुरुवार, बारा वाजून पाच. कपड्यांचा ढीग अजून तिथेच आहे, कृपया उचलून ठेवा. गुरुवार, एक वाजून वीस. तेच. म्हणजे कासवाने तिला तीनदा सांगितलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "त्याला डोळे आहेत."

बाबांनी कासवाकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती वाट बघत राहिली.

"म्हणजे पहिल्या खेपेला मी पडलो तेव्हा कुणीतरी बघितलं?"

"हो. त्याचे फोटो लोकांकडे जातात. ते बघून त्याला शिकवतात, समोर काय आहे ते."

"मग काय शिकवलं माझ्याबद्दल?"

"कपड्यांचा ढीग."

"कुणी?"

"मी."

बाबांनी उगाच मशीनचं चाक एकदा फिरवलं.

"ओळखलं नाहीस?"

"पाठ होती तुमची. पाच सेकंद असतात, बाबा."

"पाच सेकंद." त्यांनी मान हलवली. "मी पाठमोरं गिऱ्हाईक रस्त्याच्या त्या टोकाला ओळखायचो. छत्तीसचा खांदा, उजवा अर्धा इंच खाली." मग म्हणाले, "असू दे. शिंप्याच्या घरात ढीगच असणार. तुझी तरी काय चूक? ढीग म्हण हवं तर, पण त्याला सांग, ढिगालासुद्धा एक ढुशी मारत जा म्हणावं."

"आता नाही सांगता येत. एकदा पाठवलं की पाठवलं."

तिला रडू यायला हवं होतं. ते कुठेतरी खूप खाली असल्यासारखं वाटत होतं, फोटोतल्यासारखं, पुसट. तिने वाकून कासवाच्या चार्जरची वायर भिंतीतून ओढून काढली.

"राहू दे ती," बाबा म्हणाले. "लाव परत."

"बाबा, ते बघतंय सगळं."

"बघू दे. तसंही काय बघितलं त्याने? घरात काहीतरी हलतं, तेवढीच सोबत."

तिने वायर परत लावली. आज राहते असं तिने सांगितलं, उद्याचंही सांगितलं. बाबा म्हणाले, कॅमेरा नको म्हटलं तर माणूस पाठवलंत, चांगली आहे तुमची हुशारी. पण त्यांनी लगेच गणवेशांचा गठ्ठा उचलून तिच्यासाठी जागा केली. मग डगला न काढताच ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि दोन मिनिटांत त्यांना झोप लागली.

ती मशीनच्या पायडलला टेकून फरशीवर बसली. वर हत्ती होता तसाच होता. कासव तिच्या दिशेने आलं. तिने पाय मुद्दाम त्याच्या वाटेत पसरला, आणि ते हातभर लांबून वळून गेलं.

समोर कॉटवर राखाडी काहीतरी गुंडाळल्यासारखं पडलं होतं. चेहरा दिसत नव्हता, हात दिसत नव्हता. ती बघत राहिली. पाच सेकंद झाले, पन्नास झाले, डगला वर झाला, खाली झाला. तिच्या बोटाने मांडीवर चार दाबलं. ते कुठेही गेलं नाही. तिने पुन्हा चार दाबलं.